घाटाच्या कुठल्या बाजूला?

घोटीत पाऊस लागला की आमची आणि शेजारच्या अक्कांची मधली भिंत हिरवी होते. हात टेकला तर बाही खराब होते, तरी आम्ही टेकतोच. परवा संध्याकाळी जरा उघडीप मिळाली, दांडीवरचे कपडे वाळलेत का ते चाचपायला मी मागच्या अंगाला गेले, तर पलीकडून आवाज आला.

"वहिनी, तीन दिवस झाले, घरात नुसतं मुंबई-पुणं चालू आहे. पोरगी जेवंना, तिचा बाप बोलंना."

मला वाटलं, जमिनीचं काही असेल. समृद्धी महामार्ग आल्यापासून आपल्याकडे मुंबई-पुण्याचं नाव निघालं की मागे सातबारा असतोच. पण निघालं भलतंच. अक्कांची धाकटी बारावी सायन्स झालीय, तिला बी.एस्सी. करायचंय. बापाला मुंबई विद्यापीठ हवं, पोरीला पुणे विद्यापीठ, आणि अक्कांना पोरगी रात्री जेवायला घरी हवी.

"त्याचं म्हणणं, मुंबईचं ते मुंबईचं. 1857 पासूनचं आहे म्हणतो. जसा काही हाच पायाभरणीला गेला होता!"

"1857 हे बरोबर आहे, अक्का."

"तुम्ही पण त्याचीच बाजू घ्या."

बाजू कसली घेते. पण आपल्या जिल्ह्याचा आणि त्या विद्यापीठाचा धागा जुना आहे, तो सांगितल्याशिवाय मला राहवेना. न्यायमूर्ती रानडे जन्माचे निफाडचे. वाढले कोल्हापुरात, ते सोडा. मुंबई विद्यापीठाची बी.ए.ची पहिली तुकडी बाहेर पडली 1862 साली, त्यात ते होते. तेव्हा कसाऱ्याहून इगतपुरीला गाडी चढतसुद्धा नव्हती. घाटातला लोहमार्ग 1865 चा. म्हणजे आगगाडीच्या आधी पदवी घाट चढून आली.

"आणि आमचे सासरे?" मी म्हटलं. "नाशिकला एचपीटीत शिकले. सगळा जन्म आमच्याकडे भिंतीवर मुंबईची पदवी टांगलेली, पण शिकायला म्हणून त्यांनी घाट कधी उतरला नाही."

"असं कसं?"

असं की एचपीटी कॉलेज 1924 चं, आणि तेव्हा नाशिकही मुंबई विद्यापीठाकडेच होतं. पुण्याचं विद्यापीठ निघालं 1949 साली, आणि आपण तिकडे गेलो. आधी त्यांच्याकडे बारा जिल्हे होते. 1962 ला कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ झालं, 1990 ला जळगावचं झालं, तसतसे जिल्हे कमी होत गेले आणि उरले तीन: पुणे, नगर, नाशिक. नाव 2014 ला सावित्रीबाई फुले झालं. घाट उतरलात, कसारा लागला, की ठाणे जिल्हा आणि मुंबई विद्यापीठ सुरू. आपण अगदी शिवेवरचे.

अक्कांनी पदराने चष्मा पुसला. "मंग पोरीनं पुण्याला जायचं म्हणजे खोली, मेस, सगळंच आलं."

इथेच खरी मेख होती. मी विचारलं, "मुंबई म्हणजे नक्की कुठलं कॉलेज म्हणतात ते?"

"कल्याणचं. बिर्ला कॉलेज. माझे धाकटे दीर रेल्वेत आहेत ना तिथं."

"आणि पोरगी काय म्हणते?"

"ती केटीएचएमचा पण फॉर्म भरू राहिली. नाशिकचा."

मला हसूच फुटलं. तीन दिवस घरात अन्न गोड लागेना, आणि मुंबईवाला पोरीला पाठवणार कल्याणला, पुणेवाली जाणार नाशिकला! मुंबईत कोणी जात नाही, पुण्यात कोणी जात नाही. भांडण मात्र राजाबाई टॉवर विरुद्ध गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला.

पण यात त्यांचा दोष नाही, निम्म्या महाराष्ट्राचा हाच घोळ आहे. विद्यापीठाच्या आवारात मुख्यतः एम.एस्सी. आणि पीएच.डी. चालतं, पदवीचे अभ्यासक्रम थोडेच. बी.एस्सी.ला पोरगी बसणार ती कॉलेजच्या बाकावर. अभ्यासक्रम, परीक्षा आणि शेवटचा कागद विद्यापीठाचा. शिकवणारे सर, प्रयोगशाळेतलं सूक्ष्मदर्शक, ग्रंथालय कॉलेजचं. कॉलेज स्वायत्त असलं तर पेपरही तेच काढतं, पदवी तेवढी विद्यापीठाची. आणि नव्या शैक्षणिक धोरणाचा ढाचा तर दोन्हीकडे सारखाच: तीन वर्षांत पदवी, चौथं केलं तर ऑनर्स. तेव्हा विद्यापीठाच्या नावावर किती भांडायचं? माझं मत विचाराल तर आधी प्रयोगशाळेत डोकावून यावं. काचेच्या नळ्यांवर धूळ असली, तर 1857 काय आणि 1949 काय.

"पण मुंबईच्या कागदाला नोकरीत वजन असतं म्हणतो."

"आता कल्याणच्या कॉलेजचा कागद आणि मुंबईतल्या कॉलेजचा कागद, वरचं नाव एकच ना? मग वजन कुणाचं धरायचं?"

अक्का गप्प. मग एकदम म्हणाल्या, "सरकारनं पोरींची फी माफ केलीय ना सगळी?"

ही अफवा आमच्या गल्लीत दोन वर्षं फिरतेय. 2024 च्या जुलैतला तो निर्णय इंजिनिअरिंग, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, तोही ठरावीक प्रवर्गांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना. साध्या बी.एस्सी.ला त्यावर विसंबून राहू नका, कॉलेजात जाऊन विचारा, असं मी बजावलं. एसटीचंही तसंच. अहिल्याबाई होळकर योजनेचा फुकट पास बारावीपर्यंत, तो आता संपला. पुढे विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास. अक्कांना मात्र 2023 पासून अर्धं तिकीट आहे, त्या अर्ध्या तिकिटात पोरीचा डबा पोचवायला जाईन म्हणाल्या. जातीलही.

नाशिक इथून पस्तीसेक किलोमीटर. कल्याणला जायचं तर आधी घाट उतरायचा, मग कसाऱ्याहून लोकल, आणि ती सदुसष्ट किलोमीटर. म्हणजे दिराकडेच राहायचं. दीर चांगले आहेत, पण दोन खोल्या, त्यात त्यांची दोन मुलं. पोरगी कुठे अभ्यास करणार, हा प्रश्न तीन दिवसांत कुणी काढलाच नव्हता.

तेवढ्यात धाकटी मागच्या दारात आली. सगळं ऐकत असणार.

"काकू, आत्ता नाशिक केलं आणि एम.एस्सी.ला मुंबईला जायचं म्हटलं तर?"

"जाता येतं की. मायग्रेशनचा दाखला काढायचा, तिकडे एलिजिबिलिटी करायची. कागदं जातात, फक्त वेळेत काढ."

"आणि पुण्याला?"

"पुण्याला तर दाखलाही नको. तू त्यांचीच."

तिने आईकडे बघितलं. "ऐकलंस? पप्पांना तू सांग. मी नाशिक पहिलं टाकतेय." आणि आत गेली. थोड्या वेळाने ताटाचा आवाज आला. तीन दिवसांनी.

अक्का बराच वेळ भिंतीवरचं शेवाळ नखाने खरवडत राहिल्या. पावसाचे थेंब पुन्हा सुरू झाले, मी कपडे ओढायला लागले.

"वहिनी, ह्यांना मी सांगते कसं तरी. पण कल्याणच्या जाऊबाईचं काय करू? तिनं पोरीसाठी घडीची कॉट आणून ठेवलीय."