बंदूकवाले तात्या

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या बऱ्याच गावांत एक तरी बंदूकवाले तात्या सापडतात. घरात वडिलार्जित बारा बोअरची दुनळी आणि शेतीसंरक्षणाची ठासणीची, अशा दोन बंदुका. पूर्वी तिसरीही असायची. पण २०१९च्या दुरुस्तीने कायद्याने तिनाच्या दोन केल्या आणि एक जमा करावी लागली, हे दुःख तात्या आलेल्या-गेलेल्याला चहाबरोबर देतात. गावाची समजूत अशी की तात्यांना बंदुकीचे भारी वेड. मला हे पटत नाही. तात्यांना वेड आहे ते बंदूकवाला असण्याचे; खुद्द बंदुकीशी त्यांचे फारसे देणेघेणे नाही. परवाना बघा: प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा गोदरेजच्या कपाटाच्या चोरकप्प्यात आणि किल्ली जानव्याला. दुनळी मात्र ओटीवर, सांबरशिंगांच्या खाली, दोन खिळ्यांवर. ठासणीची दाराआड, छत्र्यांच्या शेजारी.

आता देखभाल. कोकणात चार महिने भिंतीला ओल येते, तिथे लोखंडाची काय कथा! नळीतून कोरडी चिंधी फिरवायची, मग तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा, इतकेच काम. पण ते वारंवार करावे लागते. तात्यांची बंदूक वर्षातून एकदा खाली उतरते, खंडेनवमीला. तेव्हा तिच्यावर पाणी शिंपडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची माळ घालतात आणि ओले कुंकू चापाच्या फटीत तसेच ठेवून तिला पुन्हा खिळ्यांवर चढवतात. तेल लावलेच तर खोबरेल. तात्यांच्या डोक्याला आणि बंदुकीला एकच बाटली. खोबरेल थंडीत थिजते, पुढे खवट होऊन चिकटते आणि त्यात धूळ बसते. शिलाई मशीनचे तेल चार पावलांवर वहिनींच्या मशीनखाली असते, पण ते बायकी. पावसाळ्यात कोणी फारच टोकले तर दुनळी चामड्याच्या म्यानात जाते. चामडे ओल धरून ठेवते, त्यामुळे उघड्यावर जी चार महिन्यांत गंजली असती ती तिथे दोन महिन्यांत गंजते.

ठासणीची तर याहून नाजूक. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते, म्हणून बार काढला की त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन कोरडी करावी लागते. तात्या माकडांवर बार काढतात आणि थेट जेवायला बसतात. शिवाय दुनळी मोडून नळीतून उजेड बघता येतो. ठासणीची भरलेली आहे की रिकामी, हे डोळ्यांना दिसत नाही. जाणता माणूस गज आत सोडतो. रिकाम्या नळीत तो कुठवर जातो त्याची खूण गजावर केलेली असते. खूण बाहेर राहिली, तर आत दारू आहे. तात्या गज न सोडता म्हणतात, ‘केप काढलीय, रिकामीच आहे.’ केप काढल्याने आतली दारू कुठे जात नाही. हा एवढा मुद्दा मला गमतीचा वाटत नाही, कारण त्याच दाराआड नातवंडे लपाछपी खेळतात.

यावर तात्यांची बाजू घेणारे विचारतात, बंदूक कुलपात ठेवली तर वेळेला काढायची कशी? वेळ म्हणजे कोणती? डुक्कर येते रात्री, मळ्यात. बंदूक असते घरात. आणि काडतुसे कुठे ठेवली ते फक्त काकूंना ठाऊक. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, ती निराळीच. राहिला चोर. त्याला ओटीवरची दुनळी दिसते तेव्हा तो घाबरत नाही. काय न्यायचे ते त्याला कळते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, मग तिची निगा राखायची कोणासाठी? पण निवडणूक आयोगाच्या सूचना छाननी करून ठरवण्याच्या आहेत. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची किंवा दंगलीची पार्श्वभूमी असलेले, यांच्याकडे आधी बघायचे. तरी यादीत नाव आले नाही, तर तात्यांनाच तो अपमान वाटतो. गावात आपली धास्ती उरली नाही की काय? नाव आले, तर ते सदरा घालून ठाण्यात जातात, पावती घेतात आणि बंदूक परत मिळाली की चार वर्षांच्या गंजाबद्दल हवालदाराला झाडतात.

एक मात्र कबूल करायला हवे: तात्यांचे हिशेब अगदीच वेडगळ नाहीत. परवान्याची मुदत संपते, नूतनीकरणासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेपा पडतात, कागद हरवला तर जन्माचा घोर. बंदूक काहीच मागत नाही, मुकाट गंजते. शिवाय २०१६च्या नियमांनुसार सुरक्षित साठवणुकीची लेखी हमी द्यावी लागते, ती तात्यांनी दिलीच आहे आणि तिची झेरॉक्सही त्याच चोरकप्प्यात जपलेली आहे. मुंबईच्या मुलाने मध्यंतरी खास बंदुकीसाठी पोलादी कपाट पाठवले. त्यात आता सातबारे, काकूंच्या पाटल्या आणि देवाची चांदीची भांडी असतात. बंदूक उंचीला बसत नाही, असे तात्या सांगतात. दुनळीची नळी आणि दस्ता सुटे होतात, ते चारदोन मिनिटांचे काम, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण सुटी केलेली बंदूक ओटीवर बसलेल्या पाहुण्याला कशी दाखवणार?