चाळीस मिनिटांचा हंगाम

अमेरिकेतल्या छोट्यातल्या छोट्या कॉलेजचा फुटबॉल संघसुद्धा पानगळीच्या दिवसांत आठ-दहा सामने खेळतो. सगळे हरला तरी खेळतो. वर्धा जिल्ह्यातल्या गावाकडच्या कॉलेजच्या कबड्डी संघाला ही चैन नाही. नागपूर विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यात बाद फेरी. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं दम खायला. समोर नागपूरचं एखादं तगडं कॉलेज आलं, की आटोपला हंगाम. सोयाबीनलासुद्धा शंभर दिवस मिळतात!

सोयाबीनचं नाव उगाच काढलं नाही. मैदानात सात आणि राखीव पाच, असा बारा जणांचा संघ कागदावर असतो. पण स्पर्धेची तारीख सोंगणीच्या तोंडावर आली, की खेळाच्या सरांचा फोन तापू लागतो. ‘सर, थ्रेशर आजच भेटलं, उद्या येतो नं.’ मग बाप फोन घेतो, ‘सर, पोरगं तुमचंच हाय, पण पाणी आलं तं काय करू?’ कबड्डीच्या कोणत्याही नियमपुस्तकात याचं उत्तर नाही. मग उजव्या कोपऱ्यात लांब उडीवाला उभा राहतो. पोलीस भरतीसाठी रोज मैदानावर सोळाशे मीटर पळणारा एक जण तर केवळ हाताशी सापडला म्हणून चढाईपटू होतो. पळतो झकास, फक्त सरळ पळतो.

एसटीत सर उत्साहाने सांगतात, की शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 साली थेट बर्लिनला, ऑलिंपिकच्या वेळी, कबड्डी दाखवली. त्याच वर्षी गांधीजी सेवाग्रामला राहायला आले, हा योगही ते सोडत नाहीत. सेलू येईपर्यंत निम्मा संघ झोपलेला असतो.

तिकडे अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये पुढच्या फळीतले गडी सव्वाशे किलोच्या पुढचे, वर हेल्मेट, खांद्यांवर गाद्या. आपल्याकडे 85 किलोची वजनमर्यादा. आमच्या पोरांमुळे काट्याला कधी तसदी पडलेली नाही. पण खेळाचा जीव तोच. एकानं निसटायचं, बाकीच्यांनी त्याला लोळवायचं. त्यांना दहा यार्डांसाठी चार संधी. आपल्या दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणा नाहीतर बाहेर बसा. मला तर आपलाच नियम जास्त निष्ठुर वाटतो.

त्यात सराव काळ्या मातीवर आणि सामना मॅटवर. जन्मभर अनवाणी खेळलेलं पोरगं मित्राचे बूट घालून वळतं, तेव्हा पाय आधी वळतो आणि बूट मागाहून. पहिला लोण चढतो, दुसरा चढतो. मग कुणीतरी एक सणसणीत बोनस मारतो आणि बाकावरचे असे ओरडतात, की पंच गुणफलकाकडे पुन्हा एकदा पाहून घेतात.

जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे जिंकलं काय, हरलं काय, शेवट तर्री-पोह्यांवरच होतो. तेवढ्यात कर्णधार सांगतो, की पुढच्या वर्षी तो भरतीच्या मागे असेल. सर तर्री वाढून घेतात. त्यांची पुढची तयारी आधीच सुरू झालेली असते: प्रथम वर्षाच्या प्रवेशाच्या रांगेत बाकीचे प्राध्यापक गुणपत्रिका बघतात, सर मांड्या बघतात, आणि हळूच विचारतात, ‘वावर किती एकर हाय, बाबू?’