ब्रदर बादरायण

अमेरिकेच्या दक्षिणेत कुठल्याही लहानशा गावात जा, चर्चच्या पुढच्या बाकावर हा गृहस्थ असतोच. आमच्या गाडीचं चाक बोरीचं आणि तुमच्या दारात बोरीचं झाड, म्हणजे आपण सोयरे! असली नाती जुळवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. म्हणून मी त्याला ब्रदर बादरायण म्हणतो.

हॅरी पॉटरची पुस्तकं सैतानाची, हे त्याचं ठाम मत. हॅरीच्या कपाळावर विजेच्या आकाराचा व्रण आहे ना? बायबलात सैतान विजेसारखाच खाली पडतो. झालं, सोयरीक जमली! पोरं खराट्यावर बसून उडतात, म्हणजे चेटूक. ब्रदरच्या घरात व्हॅक्यूम क्लीनर आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

"पुस्तक वाचलंत का हो?" विचारलं की दचकतो. "विषाची परीक्षा कशाला घ्यायची?" हा बाणा त्याच्या एकट्याचा नाही. २००१च्या डिसेंबरात न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावी एका चर्चने या पुस्तकांची होळी केली. होळी पेटवणाऱ्या पाद्रीबुवांनीही ती वाचलेली नव्हती.

पुरावा मागितलात तर खिशातून चौघडी कागद निघतो. पॉटर वाचून मुलं सैतानाच्या भजनी लागल्याची बातमी! ती २०००मध्ये छापली 'द अनियन'ने, आणि हे पत्र थट्टेच्याच बातम्या छापतं. तसं सांगितलं की ब्रदर आवाज खाली आणतो, "सैतान थट्टेतूनच शिरतो."

एरवी कॅथलिकांशी त्याचं जमत नाही. पण २०१९मध्ये नॅशव्हिलच्या एका कॅथलिक शाळेने यातले मंत्र खरे आहेत म्हणून पुस्तकं काढून टाकली, तेव्हा तो आठवडाभर "सांगत नव्हतो?" म्हणत फिरला.

हॅरीच्या हॉगवर्ट्स शाळेत ख्रिसमस थाटात होतो, हॅरीला चक्क गॉडफादर आहे, शेवटच्या भागात तर थडग्यांवर बायबलची दोन वचनं कोरलेली आहेत. पण तिथवर पोचायला सात भाग वाचावे लागतात. जाळायला मुखपृष्ठ पुरतं.

परवा त्याच्या आठ वर्षांच्या नातीने पेन्सिल फिरवून ताटातल्या ब्रोकोलीचं आइस्क्रीम करून पाहिलं. तीनदा. जमलं नाही, तेव्हा निमूट त्याच पेन्सिलने गणितं सोडवायला बसली.

ब्रदर मात्र अजून दारातच उभा होता. ब्रोकोलीकडे टक लावून. वितळायला लागली की काय, ते बघत.