मिसळीसाठी गारठण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

पुण्यात कुठेही राहा, चालत जाता येईल इतक्या अंतरावर मिसळ मिळते. हिवाळ्यातल्या सामुदायिक मोटारसायकल-स्वारीपुढची ही सर्वांत गंभीर अडचण आहे. जानेवारीतल्या रविवारी आठ-दहा जणांनी अंधारात गाड्या काढाव्यात, पन्नास किलोमीटरवर शिरवळ गाठावं आणि तिथे बसून तीच मटकी, तेच फरसाण खावं, याचं समर्थन पाककलेच्या आधारे होऊ शकत नाही. ते शरीरशास्त्राच्या आधारे करावं. मिसळीची निम्मी चवच तर्रीत असते. उरलेली निम्मी गिऱ्हाइकाने घरून अंगावर आणायची असते, आणि ती फक्त उघड्या गाडीवरून आणता येते.

आधी थंडीची तरतूद पाहू. 1935 च्या जानेवारीत पुण्याचा पारा 1.7 अंशांवर उतरला होता, पण तेवढ्या भाग्याची अपेक्षा आता ठेवू नये. हल्ली 10 अंश मिळाले तरी लोक शेकोटीचे फोटो टाकतात. मात्र वारा अंगालगतची उबदार हवा सतत उडवून लावतो, त्यामुळे वाऱ्याच्या गारव्याचं रूढ सूत्र लावलं तर 10 अंशांची हवा ताशी 60 च्या वेगाला उघड्या चेहऱ्यावर 5 अंशांसारखी लागते. म्हणजे निम्मी थंडी निसर्गाची, निम्मी आपल्या कष्टाची. इथे तरुण सभासद विचारतील, मग 80 ने का जाऊ नये? कारण हिशेब जुळत नाही. 60 वरून 80 वर गेल्याने आणखी एक अंशही पदरात पडत नाही. बदल्यात ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर मात्र बरंच वाढतं. गारठा वेगाने नव्हे, वेळेने मुरतो. म्हणून 60 च्या आत राहावं, आणि कात्रजचा नवा बोगदा टाळून जुन्या घाटाने जावं. बोगद्यात अंग उबदार होतं आणि तोवरची कमाई वाया जाते. खेड शिवापूर आणि कापूरहोळ इथे थांबण्याचा प्रस्ताव येतोच. तो फेटाळावा. नीरा ओलांडली की सातारा जिल्हा लागतो, आणि परजिल्ह्यात जाऊन खाल्लेल्या मिसळीला जे वजन येतं ते आपल्याच जिल्ह्यातल्या मिसळीला येत नाही. शिवाय नदीकाठचं धुकं हेल्मेटच्या काचेवर बसतं, काच वर करावी लागते आणि चेहऱ्याचा राहिलेला भागही कामाला लागतो.

पोशाखाबाबत मतभेद आहेत. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्र घालण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे, कारण कागद वारा अडवतो आणि मागे हवेचा स्थिर थर राहतो. रविवारची पुरवणी जाड असल्याने अधिक उपयोगी. (ती वाचण्याची सक्ती नाही.) हातमोजे घालावेतच, बोटं बधिर झाली तर क्लच दाबता येत नाही, आणि गारठणं हे साधन आहे, घाटातल्या वळणावर पोचल्यावर ते विसरू नये. हेल्मेट तर मागे बसणाऱ्यालाही कायद्याने सक्तीचं आहे, मग पुण्याचं त्यावर काहीही मत असो. गटात एक स्कूटरवाला हमखास असतो. पुढच्या पत्र्यामुळे त्याचे पाय वाऱ्यापासून बचावतात, म्हणून बुलेटवाले त्याला अर्धा सभासद मानतात आणि दर पेट्रोलपंपावर त्याच्या गाडीवरून विनोद करतात.

आता तर्री. मिरचीतलं कॅप्सेसिन प्रत्यक्षात काहीच तापवत नाही. साधारण 43 अंशांच्या वर चाळवणारा जो ग्राहक आपल्या मज्जातंतूंवर असतो, त्यालाच ते चाळवतं आणि मेंदू तोंड भाजल्याचं मान्य करतो. हा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे वाऱ्याने हवा आहे त्याहून थंड भासवलेली असते आणि मिरची नसलेली आग भासवते. ही दोन सोंगं एकाच जिभेवर समोरासमोर आणणं, हे या स्वारीचं खरं प्रयोजन. मोटारीने गेलं तर आराम मिळतो, हा आक्षेप मुळातच गैरलागू. हीटर लावून येणाऱ्याजवळ पहिलं सोंग नसतंच, त्याला फक्त तिखट लागतं. शंभर-सव्वाशेच्या मिसळीसाठी तीनशेचं पेट्रोल का, असंही घरचे विचारतात. त्यावर पेट्रोल थंडीच्या खात्यात लिहावं. मिसळ मग स्वस्तच पडते. दही मागवणाऱ्याला मात्र समज द्यावी. दुधातलं केसीन कॅप्सेसिनला ओढून घेतं, आणि पन्नास किलोमीटर सांभाळलेला परिणाम दोन चमच्यांत धुतला जातो. रस्सा दुसऱ्यांदा मागवताना वाढप्याशी नजरानजर टाळणं उत्तम.

परतीचा विचार आधीच करून ठेवलेला बरा. दहाच्या सुमाराला ऊन चढतं, थंडीचं भांडवल संपलेलं असतं, तर्री मात्र पोटात शाबूत असते. स्वेटर, कानटोपी, मफलर आणि ती पुरवणी हे सगळं काढून कुठेतरी ठेवणं भाग पडतं. बुलेटला डिकी नसते. ती स्कूटरला असते.