निशाणी : पिवळा अंगठा

अंगठ्याचे अर्थ मराठी माणसाने इमोजीकडून शिकावेत, असे काही अडले नव्हते. खरेदीखतावर उमटला की अंगठा म्हणजे संमती, ऐनवेळी दाखवला की नकार आणि ‘बहाद्दर’ जोडला की निरक्षरता. हे सगळे अर्थ आपण पिढ्यान्‌पिढ्या न गोंधळता वापरले, कारण अंगठा कुणाचा, कशावर आणि कुणासमोर, हे डोळ्यांना दिसत होते. मोबाइलने माणूस, कागद आणि साक्षीदार वगळले, उरलेल्या अंगठ्याला काविळीचा रंग दिला आणि आता त्याच्या मनात काय होते हे सांगायला न्यायमूर्ती बसवावे लागतात.

कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात २०२१ मध्ये एका धान्य कंपनीने ८७ टन जवसाच्या कराराचा फोटो शेतकऱ्याला धाडला आणि करार पक्का करायला सांगितले. त्याने अंगठा पाठवला. पुढे भाव चढले आणि जवस काही आला नाही. शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे नुसती पोच. न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले, अंगठा म्हणजे सही. भरा सुमारे ८२ हजार डॉलर. इकडे रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाने अधिकाऱ्याच्या हत्येच्या संदेशाला ग्रुपवर अंगठा दिला आणि नोकरी गमावली. वरिष्ठांना त्यात आनंद दिसला. मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला २०२४ मध्ये त्यात ‘ओके, पाहिले’ एवढेच दिसले आणि त्याला कामावर परत घेण्याचा आदेश कायम राहिला. तिकडची सही ती इकडची पोच! पण नीट पाहिले तर निकाल नुसत्या अंगठ्यावर लागला असे नाही. कॅनडात निर्णायक ठरले ते आधीचे व्यवहार : तेव्हाही शेतकऱ्याने ‘ओके’, ‘यप’ एवढेच कळवून माल मुकाट पोचवला होता. भाव चित्रात नसतो, तो संबंधात असतो. साहेबांचा अंगठा शाबासकी ठरतो, शिपायाचा उद्धटपणा आणि बायकोचा धोक्याची सूचना, तो यामुळेच.

मग एक अधिकृत कोश काढा, असे शिस्तप्रिय मंडळी म्हणतील. पण इमोजींचे प्रमाण ठरवणारी युनिकोड ही संस्था चिन्हाला क्रमांक आणि नाव देते. चेहरा मात्र प्रत्येक कंपनी आपापल्या हाताने रंगवते. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये तर अगदी एकच चित्र लोकांपुढे ठेवले. तरी ते आनंदाचे, दुःखाचे की मधले, यावर साधारण चारातून एकदा लोकांचे जमले नाही. दुसरे म्हणतील, शब्द तरी कुठे सरळ असतात? ‘बघू’ म्हणजे होकार की नकार, हे कुठल्या कोशात आहे? बरोबर, पण ‘बघू’ म्हणणाऱ्याचा सूर कानावर पडतो आणि आपण उमजून घेतो. लिहिलेल्या शब्दातून हरवलेला तो सूर परत आणायलाच इमोजीची नेमणूक झाली होती. आता दुभाष्यालाच दुभाष्या लागतो आहे.

आपण ज्याला हसलो, त्या अंगठाबहाद्दराचा कारभार यापेक्षा चोख होता. दस्त त्याला वाचून दाखवत, समजला का विचारत, साक्षीदार उभे करत आणि मगच त्याचा अंगठा शाईत बुडे. पदवीधर मात्र संदेश न वाचताच अंगठा उठवतो आणि त्याचा अर्थ काय, हे त्याला निकालपत्रातून कळते.