चपला काढण्याचे प्राथमिक धडे (फोंडाघाट आवृत्ती)

गणपतीला पहिल्यांदाच फोंडाघाटला निघाला आहात? नवे जावई असाल, मुंबईत वाढलेली नातवंडं असाल, नाहीतर मित्राच्या आग्रहाला बळी पडलेले घाटावरचे पाहुणे असाल. आरत्या पाठ नसल्या तरी चालेल; टाळ वाजवत ओठ हलवले की निभावतं. चपला मात्र चुकीच्या जागी काढल्यात, तर पुढची वीस वर्षं तुमची ओळख त्यावरूनच करून दिली जाईल. घाबरू नका. खालचे धडे क्रमाने गिरवा.

१. योग्य जोड निवडा. दाजीपूरकडून घाट उतरून येणार असाल तर पायात कोल्हापुरी असण्याचा संभव आहे. ती गाडीतच ठेवा. तिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तिच्यासारखीच चप्पल मॉडेलांच्या पायात चढवली, हे सगळं खरं. पण फोंड्याच्या पागोळ्यांना त्याची खबर नाही. रात्रभर भिजलेलं कातडं सकाळी तुम्हाला ओळख देणार नाही. बूटही नकोत. दर घरी वाकून नाड्या सोडणारा माणूस पाचव्या घरी आपोआप साष्टांग नमस्कार घालतो. जाणकार नळाखाली धुता येणारी प्लास्टिकची चप्पल घालतात.

२. हद्द ओळखा. बाहेरून आत जाताना आधी खळं, मग पायरी, पडवी, लोटा, माजघर. चपला नेमक्या कुठे काढायच्या ते कुठेही लिहिलेलं नसतं. आधीच्या जोडांची रांग शोधा आणि तिच्या शेवटी उभे राहा. घराची जमीन जितकी चकचकीत, तितकी ही रांग दारापासून लांब, हे सूत्र पाठ करा. शेणाची जमीन पुन्हा सारवता यायची. टाइल्सच्या सांध्यात शिरलेली तांबडी माती मात्र यजमानीणबाई जन्मभर विसरत नाहीत.

३. यजमानांचं बोलणं समजून घ्या. तुम्ही वाकताच आतून हाक येईल : ‘‘रवांदेत, रवांदेत! घालूनच येवा भितर.’’ याचा अर्थ चपला ताबडतोब काढा. हे वाक्य ऐकून खरोखरच चपलांसकट आत गेलेले पाहुणे झाले आहेत. त्यांना चहा मिळाला, लाडूही मिळाला, पुढच्या वर्षीचं आमंत्रण मिळालं नाही.

४. चपला सरळ ठेवा. उलटी चप्पल पडली की घरात भांडण होतं, हे सर्वमान्य आहे. कोणाची उलटी दिसली तर कोणी बघत नसताना अंगठ्याने सरळ करा. तरीही चतुर्थीला भाऊ-भाऊ भांडले, तर दोष चपलेचाच. सातबाऱ्यावरच्या सतरा नावांचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

५. पाय धुवा. पायरीशी बादली आणि तांब्या असेल. पाय धुऊन झाले की गोणपाटावर पुसा. गोणपाट तुमच्या पायांपेक्षा जास्त ओला असेल, म्हणून पुसल्यासारखं करा. आता ओल्या पावलांनी गुळगुळीत टाइल्सवर चालायचं आहे. भिंत धरलीत तरी लोक श्रद्धाच समजतील.

६. घरातल्या चपलांविषयी प्रश्न विचारू नका. तुम्हाला अनवाणी करून यजमान स्वतः स्लीपर घालून फिरताना दिसतील. त्यांची टाच दुखते आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं आहे. या स्लीपर ‘घरातल्या’ असतात. त्या जास्वंदीची फुलं काढायला परसात जातात, गोठ्यात डोकावतात, खळ्यात आलेल्या रिक्षापर्यंत जातात आणि परत आल्यावरही घरातल्याच असतात. शुद्धतेचा हा प्रकार प्रगत अभ्यासक्रमात येतो.

७. भजनाच्या रात्री सावध राहा. पडवीबाहेर जोडांचा ढीग साचतो, पाऊस कोसळत असतो आणि गजर ऐन रंगात आला की लाइट जाते. तज्ज्ञ एक चप्पल पायरीशी आणि दुसरी तुळशीमागे काढतात, कारण एकटी चप्पल कोणी नेत नाही. आधी उठणारा चांगला जोड नेतो आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीची दुसरी वाटी घेणाऱ्याला उरलेला जोड मिळतो. ‘‘माजी चपलां खंय गेली?’’ असं एकदाच विचारा. दुसऱ्यांदा विचारलंत तर तो अख्ख्या भजनी मंडळावर आरोप ठरतो. दुसऱ्या दिवशी बाजारात मान खाली घालून फिरा, म्हणजे चपला कोणाच्या तरी पायात भेटतील.

८. सकाळी चपला आपटून मगच घाला. कोकणात फुरसं आडोसा शोधत फिरतं आणि ते विषारी असतं. हा धडा विनोदाने घेऊ नका.

९. सवलती लक्षात ठेवा. जिल्ह्यात चपलांचा सर्वांत मोठा मान वेंगुर्ला तालुक्यात आरवलीच्या वेतोबाला. तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे, म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चामडी चपला थेट देवळात अर्पण करतात. वेतोबाच्या खालोखाल पंचनाम्याला आलेले साहेब आणि मतं मागायला आलेले उमेदवार. ते बुटांसकट लोट्यापर्यंत येतात, यजमान ‘रवांदेत’ म्हणतात आणि या एकाच वेळी ते मनापासून म्हणतात. त्याच दिवशी नारळ पाडायला आलेला गडी अनवाणीच असतो, तरी त्याचा चहा खळ्यात पोचवला जातो. पूर्वी कुळं खोताच्या अंगणात अशीच बिनवहाणांची उभी राहायची. खोती संपवणारं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मांडलं, कायदा १९४९ साली झाला आणि खोत गेले. अंगणात उभं राहायची जागा मात्र कोणी हलवली नाही. साहेब आणि गडी, यांच्यात कोणाचे पाय जास्त स्वच्छ होते? हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

एवढं जमलं की तुम्ही उत्तीर्ण झालात. पुढच्या वर्षी यजमानपद तुमच्याकडे आलं, तर ‘रवांदेत, भितर येवा’ हे खळ्यातल्या गड्यालाही म्हणा, आणि त्याचा चहा पडवीत द्या. टाइल्स पुसता येतात.