डेव्हिएशनवर पास

काळेवाडीत जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस बहुधा आठवडाभर दुसऱ्याचा माल तपासून आलेला असतो. आमच्याकडं दर तिसऱ्या घरात कोणी ना कोणी क्वालिटीत आहे. मी स्वतः चाकणला एका व्हेंडरकडं इनकमिंग इन्स्पेक्शनला आहे. बुश वीस मायक्रॉननं मोठा निघाला की अख्खा लॉट परत धाडतो. सप्लायर ‘साहेब, एवढ्या वेळी घ्या सांभाळून’ म्हणत गेटपर्यंत मागं येतो, तरी ऐकत नाही. असा मी, एका रविवारी लाखभर रुपये मोजून चारशे सीसीची टूरिंग गाडी घेऊन आलो, तेव्हा तिच्या टाकीवरचं लडाखचं स्टिकर सोडून दुसरं काहीही तपासलं नव्हतं. पुढचं मार्गदर्शन त्या अधिकारानं करतो आहे.

माझी गाडी कोणत्या कंपनीची, ते सांगणार नाही. याच पट्ट्यात पोट भरायचं आहे.

बाजारात काय मिळतं ते मात्र सांगतो. डॉमिनार डिसेंबर २०१६ला आली. सुरुवातीला ३५ पीएस होती, २०१९च्या मॉडेलपासून ४० झाली आणि पुढं उलटे शॉकअप आले. म्हणजे वरची नळी जाड, खालची बारीक. तेव्हा २०१८ची गाडी दाखवत कोणी ‘चाळीस पीएस आहे दादा’ म्हणाला तर वाद घालू नका, नुसतं पुढच्या चाकाकडं बघा. ४११ सीसीची हिमालयन २०१६ची, केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२०ची. डॉमिनार आणि केटीएम या तर चाकणच्याच. देशभर भटकून विकायला पुन्हा आपल्याच भागात येतात, बाळंतपणाला आल्यासारख्या.

जुनी गाडी तपासून घ्यायची असते, हे आमच्या वडिलांच्या पिढीला पटायचं नाही. बजाजच्या स्कूटरला वर्षानुवर्षं नंबर लागत नसे, त्या काळात हातात असलेली जुनी स्कूटर नव्यापेक्षा महाग जायची. मिळाली हेच पुष्कळ. त्यात धूर कसला बघता?

साहित्य : मोबाईलचा टॉर्च, पांढरा रुमाल, जुना पेपर आणि गाड्यांतलं काहीही न कळणारा एक मित्र. कळणारा मित्र चुकूनही नेऊ नये. तो विकणाऱ्याशी टॉर्कवर बोलायला लागतो, दोघांची ओळख निघते, चहा होतो, आणि मग भाव कमी करा म्हणायची तुम्हालाच लाज वाटते. न कळणारा मित्र शांतपणे खाली वाकून विचारतो, ‘हे तेल कुठून ठिबकतंय?’ असा प्रश्न विचारायला ज्ञान लागत नाही.

पायरी पहिली, फोनवरच. ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ एवढं सांगा, आणि गेल्या गेल्या हाताची मागची बाजू इंजिनाजवळ न्या. ऊब लागेल. ‘आत्ताच पोरीला क्लासला सोडून आलो’ हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. रविवारी सकाळी सात वाजता काळेवाडीत इतक्या पोरी क्लासला जातात, तर सगळ्या कलेक्टर व्हायला हव्यात. गरम इंजिन कोणाचंही गोड असतं. सकाळचं सेल्फ किती वेळ मारावं लागतं, टायमिंग चेन पहिला अर्धा मिनिट किती खळखळते, पहिला धूर कसला येतो, हे सगळं थंड इंजिनच सांगतं. तेव्हा पाणी प्या, नमस्कार करा, ‘उद्या येतो’ म्हणा आणि निघा. मी निघालो नव्हतो.

धुराचं गणित सोपं आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. चालू केल्यावर थोडा येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील. रेस देताना येतच राहिला तर रिंगा किंवा बोर. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा थंडीत थोडा वेळ चालतो, पण इंजिन तापल्यावरही हटत नसेल आणि कुलंटसारखा गोडसर वास असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. अशा वेळी इंजिन थंड असतानाच ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. दुधाच्या चहावर येते तशी साय दिसली, तर ऑइलमध्ये पाणी गेलेलं असू शकतं. तो चहा आपल्याला नको.

आता मीटर. इथं नवख्यांची सगळ्यात मोठी गफलत होते. ८२,००० बघितलं की ते घाबरतात आणि २८,००० बघितलं की खूश होतात. आकडे तेच आहेत, नुसते जागा बदलून बसलेत, आणि मीटर बदलून घेणं ही अवघड विद्या राहिलेली नाही. मला विचाराल तर ८२ दाखवणाऱ्याकडं आधी जावं. खपायला अवघड असा आकडा ज्यानं तसाच राहू दिला, त्यानं निदान एका बाबतीत तरी तुम्हाला फसवलेलं नाही.

शिवाय किलोमीटर-किलोमीटरमध्ये फरक असतो. टॉप गिअरात एका लयीत गोव्याला जाऊन आलेलं इंजिन एकदा तापतं आणि मग तासन्‌तास त्याच तापमानाला, भरपूर ऑइलमध्ये फिरत राहतं. त्याउलट काळेवाडी फाट्यावरून हिंजवडीला रोज जाणारी गाडी अर्धा क्लच दाबून पहिल्या-दुसऱ्या गिअरात, पंखा चालू ठेवून सिग्नल मोजत असते. तिचे पंचवीस हजार आणि टूरिंगचे पंचवीस हजार एका तराजूत घालू नयेत. टूरिंगची गाडी दमते ती वेगळ्या ठिकाणी. ते पुढं येईल.

आकडा खरा की खोटा, हे मीटर सोडून बाकी सगळी गाडी सांगते. फूटरेस्टचं रबर, गिअरच्या दांड्याचं रबर, ग्रिप, किल्लीचे दाते, सीटचा पुढचा कोपरा. २८,००० च्या गाडीला नवीकोरी फूटरेस्ट कशाला लागली? मागचा टायर बघा. सरळ हायवेवर चाललेला टायर मधोमध भाकरीसारखा सपाट होतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. २०२१च्या गाडीवर २०२४चा टायर असेल तर पहिला टायर संपला, हे सिद्ध झालं. आता विचारा, कितव्या किलोमीटरला बदलला?

माझी आवडती चाचणी चेनची. चेन-स्प्रॉकेटचा सेट नीट काळजी घेतली तर साधारण वीस-पंचवीस हजार जातो. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी शेवटच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागं ओढा. दात अर्धा उघडा पडला तर सेट संपला. दात वाकून माशाच्या परासारखे झाले असतील तर ओढायचीही गरज नाही. मग सहज विचारा, ‘हा कितवा सेट?’ ८२,००० ला उत्तर चौथा किंवा पाचवा असं यायला हवं. ‘ओरिजिनलच आहे, हातच लावला नाही’ असं आलं, तर तो माणूस चेनबद्दल किंवा किलोमीटरबद्दल, कुठल्या तरी एकाबद्दल खोटं बोलतोय. दोन्हीबद्दलही असेल. सर्वात पक्का पुरावा अर्थात सर्व्हिसच्या जॉब कार्डांचा. दर वेळी त्यावर मीटरचा आकडा लिहिलेला असतो आणि तो कधी मागं जात नाही. कार्डं हरवली म्हणाला तर त्याच्यासोबतच सर्व्हिस सेंटरला जाऊन रेकॉर्ड मागा.

लडाखच्या स्टिकरला किती मार्क? शून्य. खारदुंगला खिंडीच्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. खरी उंची भरते १७,५८२ च्या आसपास. खिंडच आठशे फूट वाढवून सांगते, तर स्टिकरवाल्याला काय दोष द्यायचा.

आता ते दमण्याचं. टूरवाल्या गाडीच्या मागं लोखंडी कॅरिअर, त्याला दोन्हीकडं डबे, वर तिसरा डबा, त्यावर बांधलेली सतरंजी. हे सगळं ओझं मागच्या सबफ्रेमवर. सीट काढा, टॉर्च मारा आणि जिथं कॅरिअरचे बोल्ट बसतात तिथल्या वेल्डिंगजवळ केसासारखी चीर दिसते का बघा. ताजा काळा स्प्रे मारलेला असेल तर तिथंच जास्त वेळ बघा. माझ्या गाडीला तिथं स्प्रे होता. मला तो नीटनेटकेपणा वाटला. त्या दिवशी वाकून प्रश्न विचारणारा मित्र मी घरी ठेवून गेलो होतो.

पुढचा ब्रेक दाबून गाडी मागंपुढं हलवा. हँडलच्या बुडात ‘टक’ लागलं तर कोनसेट गेला. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवताना ते मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं, तरी तोच निकाल. शॉकअपच्या नळीला पांढरा रुमाल पुसा, चार वेळा दाबा, पुन्हा पुसा. तेलाची रेघ उमटली की ऑइल सील बदलायचं. मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ लागला तर चाकाचं बेअरिंग किंवा चिमट्याचा बुश. डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते. व्हर्निअर तुमच्याकडं आहेच. फक्त तो कंपनीचा आहे, सोमवारी परत न्या.

वायरिंगबद्दल लिहायला लागलो तर पुरवणी काढावी लागेल. फॉगलाईट, दोन हॉर्न, चार्जर, आणि हे सगळं बसवणारा दर वेळी वेगळा. काळी चिकटपट्टी जितकी जास्त, तितकी बॅटरी सकाळी रुसणार.

चासी नंबर हँडलखालच्या फ्रेमवर कोरलेला असतो. तो आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. बजाजचा एमडी२नं सुरू होतो, रॉयल एनफील्डचा एमई३नं. नंबराच्या आसपास घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण असेल तर चहासुद्धा घेऊ नका. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. ई-चलन बाकी आहे का, ते बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर. परराज्यातली गाडी स्वस्त का मिळते, ते एनओसी आणि महाराष्ट्राचा टॅक्स भरताना कळतं. पंधरा वर्षं होत आली असतील तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर धरून हिशोब करा. विम्याचं नाव चौदा दिवसांत बदला. नो क्लेम बोनस विकणाऱ्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही. ‘नाव नंतर करू, घाई काय’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे, की विकलेली असली तरी आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर. म्हणजे नावाची घाई तुमच्यापेक्षा विकणाऱ्याला असायला हवी. ज्याला ती नाही, त्याचं नाव आरसीवर नसतंच, असं समजून चाला.

चालवून बघायला एम्पायर इस्टेटचा पूल चांगला. पवना, रेल्वे आणि हायवे ओलांडेपर्यंत गाडी स्वभाव दाखवते. चढाला वरच्या गिअरात कमी वेगावर कान पिळा. आरपीएम चढला आणि वेग तिथंच राहिला, तर क्लच प्लेटा गेल्या. तापमानाचा काटा आणि पंखा बघा. येताना मित्राला मागं बसवा आणि तापकीर चौकाकडं जाताना जितके स्पीडब्रेकर लागतील तितके न चुकवता घ्या. मागून तो कण्हेल, तेव्हा आवाज शॉकअपचा की मित्राचा, हे ओळखायला शिका.

आणि एक गोष्ट कुठल्याच पुस्तकात नसते. पाऊण गुंठ्यातल्या घरासमोरचा बोळ आधी मोजा. या गाडीचं हँडल पावणेतीन फूट, वजन पावणेदोनशे किलोच्या वर. खालच्या भाडेकरूची ॲक्टिव्हा, पाण्याचा बॅरल आणि तुळस, यांतून ती रोज रात्री मागं रेटत न्यायची आहे. सेकंड शिफ्ट करून.

आता निकाल. ८२,००० चाललेली गाडी ड्रॉइंगप्रमाणे निघणार नाही. कंपनीत माल मापात नसतो आणि लाइन तर थांबवता येत नाही, तेव्हा आपण काय करतो? डेव्हिएशनवर पास करतो. दोष लिहितो, सही घेतो. इथंही तेच. चेन, टायर, कोनसेट, ऑइल सील, क्लच प्लेट, बॅटरी हे सगळं डेव्हिएशनवर चालतं. प्रत्येकाची किंमत गॅरेजवाल्याला विचारून भावातून वजा करा. फ्रेमची चीर, ऑइलमधलं पाणी, घासलेला नंबर आणि अर्धवट कागद यांवर डेव्हिएशन नाही. सरळ रिजेक्ट.

माझ्या गाडीत अकरा दोष निघाले, ते सगळे दुसऱ्या दिवशी. दहा मी दीड वर्षात दुरुस्त केले. अकरावी सबफ्रेमची चीर. ती वेल्डिंग करून घेतली, आणि ती कुठं आहे हे मी स्वतःहून दाखवतो. तिथं स्प्रे मारलेला नाही. मीटर ९१,००० च्या पुढं गेलं आहे, चेनचा सेट चौथा, जॉब कार्डं फाइलला लावलेली.

गाडी विकायची आहे. रविवारी सकाळी सातला या. इंजिन थंड मिळेल. माझ्या पोरीचा क्लास संध्याकाळी असतो.